थिबा राजवाड्यात बघायचं काय?

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला जायचं चाललंय. गणपतीपुळे आणि पावस नक्की आहे. मी थिबा राजवाड्याचं नाव काढलं तर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. आमचे शेजारी जाऊन आलेत. ते म्हणतात, रिकाम्या खोल्या आहेत, अर्ध्या तासात बाहेर याल. मुलगा दहा वर्षांचा आहे, पाचवीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. जावं का? गेलोच तर मुलाला दाखवू काय?
— एक वाचक भगिनी, गंगापूर रोड

उत्तर : जा. जरूर जा. आणि अर्धा तास कशाला, अख्खी सकाळ हातात ठेवा. पावसला दुपारून निघालात तरी निवांत पोचाल.

तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. तिथे सिंहासन नाही, रत्नजडित तलवारी नाहीत. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, पण राजाच्या खऱ्या वापरातल्या म्हणाव्यात अशा वस्तू फार थोड्या. म्हैसूरचा राजवाडा बघून आलेला माणूस तिथे हिरमुसणारच. पण त्या खोल्या रिकाम्या का राहिल्या, हे ठाऊक असलेला माणूस त्यांतून लवकर बाहेर पडत नाही. म्हणून गोष्ट घरीच सांगा, नाशिक सोडायच्या आधी. तिथे पोचल्यावर फलकासमोर उभं राहून सांगायला लागलात तर दहा वर्षांचं पोर ऐकत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा सहलीच्या आदल्या तासाला मी पुस्तक बाजूला ठेवून फक्त गोष्टच सांगायची.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. राजधानी मंडाले. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांची फौज इरावती नदीतून आगबोटींनी वर चढत गेली आणि दोनएक आठवड्यांत सगळा खेळ आटोपला. निमित्त होतं सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची इंग्रजांची कंपनी तिथल्या जंगलातून सागवान तोडून नेत होती. ओंडके दाखवले त्यापेक्षा जास्त नेले, असं म्हणून राजदरबाराने कंपनीला भला मोठा दंड ठोठावला. फ्रेंच तिथे हातपाय पसरतील ही भीती इंग्रजांना होतीच, त्यात हे निमित्त मिळालं. राजाला, राणी सुपायालतला आणि घरच्या माणसांना बैलगाडीत बसवून नदीपर्यंत नेलं, तिथून बोटीने रंगून, मग मद्रास. १ जानेवारी १८८६ ला त्याचं राज्य इंग्रजी मुलखाला जोडल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उतरला. वय सत्तावीस.

रत्नागिरीच का, हा प्रश्न मुलाला विचारू द्या. उत्तरासाठी नकाशा पुढ्यात घ्या. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. रेल्वे नाही. येणं-जाणं बोटीने, आणि पावसाळ्याचे महिने बोटीही बंद. एखाद्याला जगाच्या नजरेआड करायचं तर याहून सोयीची जागा कुठे मिळणार? कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. म्हणजे राजा आल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. थिबाच्या आधी, १८५८ मध्ये, दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला धाडलं होतं, तो तिथेच वारला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. मुलं ही अदलाबदल एकदा ऐकली की विसरत नाहीत, हा माझा अनुभव.

आता मुलाला एक वजाबाकी घाला. राजा १८८६ मध्ये आला, डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. तीस वर्षं. तुम्ही बघणार ती इमारत पुरी होऊन कुटुंब तिथे राहायला गेलं १९१० मध्ये. म्हणजे ज्याला आपण थिबा राजवाडा म्हणतो, तिथे थिबा राहिला जेमतेम सहा वर्षं. त्याआधीची चोवीस वर्षं त्याने सरकारने नेमून दिलेल्या बंगल्यांत काढली. तरुणपणी आलेला राजा पन्नाशी ओलांडून या घराच्या पायऱ्या चढला. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा त्या इमारतीकडे बघण्याची माझी नजरच बदलली. बांधून झाली तेव्हा तिच्यात राहणाऱ्याचं आयुष्य बहुतेक सरलेलं होतं.

आत गेल्यावर वस्तूंच्या कपाटांकडे लगेच धावू नका. आधी बाहेरून इमारतीला एक फेरी मारा. तीन मजली घर आहे, उतरती छपरं, कोकणातला पाऊस झेलायला हवी तशी. भिंत जवळून दाखवा. जांभा दगड आहे, गंजलेल्या लोखंडासारखा तांबूस, बारीक भोकाभोकांचा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, चिरे कापून काढता येतात, आणि हवा लागली की कडक होत जातो. आपल्याकडच्या काळ्या बसाल्टशेजारी ठेवला तर पोराला फरक तिथल्या तिथे कळेल. गोदाकाठचा काळा दगड त्याच्या रोजच्या बघण्यातला आहेच. इंग्रजांचा आराखडा खरा, पण चिरा कोकणातला आणि तो घडवणारे हातही कोकणातले. गवंडी, सुतार, चुना मळणाऱ्या बाया, यांची नावं कुठल्याच फलकावर नसतात. मी मुलांना मुद्दाम विचारायची, हे घर बांधलं कुणी? मुलं म्हणायची, इंग्रजांनी. मग मी विचारायची, एक चिरा उचलून बघा बरं, किती इंग्रज लागले असतील?

मग खिडक्या. या वास्तूचं खरं देखणेपण तिच्या खिडक्यांत आहे. अर्धगोल, लाकडी, कोरीव कामाच्या, ओळीने मांडलेल्या. त्यांच्यासमोर उभं राहून सागवानाच्या दंडाची गोष्ट पुन्हा एकदा आठवून द्या, लाकूड डोळ्यांसमोर असताना. आणि मग वरच्या मजल्यावर जाऊन बाहेर बघायला सांगा. घर टेकाडावर आहे. तिथून खाडी दिसते, त्यापलीकडे अरबी समुद्र. आपल्याला ते दृश्य सुंदर वाटतं, हात आपोआप मोबाइलकडे जातो. पण त्या खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला समोरच्या बोटीत बसायची परवानगी नव्हती. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर सरकारला विचारावं लागे, देखरेखीला पोलीस अधिकारी नेमलेला असे. समुद्र रोज दिसायचा आणि त्यावरून जाता यायचं नाही. मुलाला त्या खिडकीत दोन मिनिटं नुसतं उभं राहू द्या, तुम्ही काही बोलू नका. माझ्या मते या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे, आणि तिला कपाट लागत नाही.

खोल्या रिकाम्या का, त्याचंही उत्तर त्याच तीस वर्षांत आहे. मंडालेहून सोबत आणलेले दागदागिने, माणकं हळूहळू विकली गेली. सरकारी तनखा पुरत नव्हता, सावकारांचं देणं व्हायचं. राजानंतर १९१९ मध्ये राणी आणि कुटुंब ब्रह्मदेशात परतलं. मागे राहिलं ते घर. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. वाड्यावर नोकरीला असलेल्या एका मराठी माणसावर तिचा जीव जडला होता. त्यांची मुलगी रत्नागिरीतच लहानाची मोठी झाली, मराठी बोलली, तिथेच तिने संसार केला. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची नात कोकणातल्या साध्या घरात भाकऱ्या थापत होती. हे सासूबाईंना जरूर सांगा, त्यांना राजापेक्षा या नातीची गोष्ट जवळची वाटेल.

सासूबाईंसाठी जिने चढायची सक्ती नाही. तळमजला आणि आवार त्यांना पुरेल. मागच्या बाजूला राजाने बसवलेली बुद्धमूर्ती आहे, ती त्यांना दाखवा. तिच्यासमोर थोडं बसता आलं तर बसू द्या. परमुलखात माणूस स्वतःचं म्हणून काय धरून ठेवतो, ते तिथे दिसतं. तुम्ही मुलाला घेऊन वर जा, त्यांना वरून हाक मारा. वेळ उरला तर गावातच, शिवाजीनगर भागात, राजाची आणि त्याच्या धाकट्या राणीची समाधी आहे. तिकडे फारसं कुणी वळत नाही. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मात्र तिथे नतमस्तक व्हायला आले होते.

नाशिकच्या मुलाला आणखी एक धागा हातात द्या. रत्नागिरी इंग्रजांनी एकट्या थिबासाठी वापरली नाही. आपल्या भगूरचे सावरकर अंदमान आणि पुढचे तुरुंग भोगून १९२४ मध्ये सुटले, पण अट होती, रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही. ती उठली १९३७ मध्ये. आणि उलट दिशेने बघा. अनंत कान्हेरे हा मुलगा मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. त्याने २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. त्याच वर्षी थिबा या नव्या घरात राहायला गेला. एकाच सरकारने, एकाच वर्षी, एका माणसाला घर दिलं आणि एका मुलाला फास. दोन्ही शिक्षाच होत्या. पाचवीतल्या मुलाला हे सांगताना शब्द जपून वापरा, पण सांगा.

जाण्याची सोय विचारलेली नाहीत, तरी सांगते. नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस थेट रत्नागिरीला जाते, गाडी बदलावी लागत नाही. सासूबाईंना घाटाच्या वळणांपेक्षा ती बरी. दिवाळीचं आरक्षण फार लवकर भरतं, तेव्हा आजच बघा. कोकण रेल्वेचं पावसाळ्यातलं वेळापत्रक वेगळं असतं, वेळा ताज्या बघून घ्या. आणि सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात. सोमवार टाळा, निघण्याआधी फोन करून खात्री करा, कारण जुन्या इमारतींत दुरुस्तीची कामं निघाली की काही भाग बंद ठेवतात.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही इंग्रजी अमदानीतल्या बंगल्यांबद्दल आपुलकीने लिहिलंत. मला ते पटलं नाही. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात वाडे कोसळतात, महापालिका नोटिसा लावून मोकळी होते. आपलं पडत असताना साहेबाचं का जपायचं? त्या घरांत आपल्या लोकांचा अपमानच झाला ना?
— एक वाचक, जुनं नाशिक

उत्तर : तुमचा राग मला समजतो, कारण त्यातला अर्धा माझाही आहे. वाडा पडतो तेव्हा ढिगाऱ्यातून निघणारी कोरीव तुळई कुणीतरी टेम्पोत घालून घेऊन जातं आणि संध्याकाळपर्यंत जागा सपाट होते. हे बघताना पोटात तुटतं. भाडेकरू आणि मालक यांच्या भांडणात, वाटण्यांच्या दाव्यांत, दुरुस्तीला पैसा नसल्यामुळे हे वाडे जातात. त्यांच्यासाठी भांडायलाच हवं.

पण तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग उलटा करून बघा. त्या घरांत आपल्या लोकांचा अपमान झाला, म्हणूनच ती हवीत. उद्या थिबाचं घर पाडलं तर एका राजाला तीस वर्षं समुद्राकडे बघत बसवलं होतं, हे कुणाला कशावरून दाखवणार?

पुण्याचा आगाखान पॅलेस घ्या. तो इंग्रजांनी बांधलेला नाही. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये उभारला, आसपासच्या दुष्काळात गांजलेल्या गावांना काम मिळावं म्हणून. भोवती बागा, इटालियन धाटणीच्या कमानी, रुंद व्हरांडे. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच घराचा सरकारने तुरुंग केला. गांधीजी, कस्तुरबा, सरोजिनी नायडू, मीराबेन, महादेवभाई देसाई, सगळे तिथे. ९ ऑगस्टला अटक झाली आणि १५ ऑगस्टला महादेवभाई हृदयविकाराने गेले. वय पन्नास. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीला, कस्तुरबा गेल्या. त्यांच्या अंगावर गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी होती. दोघांच्याही समाध्या त्या आवारात आहेत. १९६९ मध्ये पुढच्या आगाखानांनी ती वास्तू देशाला दिली.

त्या व्हरांड्यातून चालताना मला नेहमी कस्तुरबाच जास्त आठवतात. सत्तरी ओलांडलेली, आजारी बाई, घरापासून लांब, आणि भोवती संगमरवर नि कमानी. तुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गज आणि अंधार येतो. इतक्या उजेडाच्या, देखण्या घरातही माणूस कैदी असू शकतो, हे त्या व्हरांड्याशिवाय, नुसत्या पाठ्यपुस्तकातून, मला मुलांना कधी पटवून देता आलं नाही. पुण्याला कुणाच्या लग्नाला गेलात तर वेळ काढून एकदा जाऊन या, आणि मग मला पुन्हा पत्र लिहा. तेव्हाही पटलं नाही तर तेही छापू.

आणि आपल्या वाड्यांचं म्हणाल, तर ‘आपलं’ आणि ‘साहेबाचं’ अशी सरळ रेघ ओढता येत नाही. सराफ बाजारातला सरकारवाडा पेशवाईतला. राज्य बदललं तशी त्यात कचेऱ्या आल्या, सार्वजनिक वाचनालयानेही कित्येक वर्षं तिथे काढली. १८४० मध्ये सुरू झालेलं आपलं हे वाचनालयही इंग्रजी अमदानीतलंच, म्हणून ते परकं होतं का? सरकारवाडा आज राज्य पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. वाडा उभा राहिला तो कुणीतरी सतत वापरत होतं म्हणून. जो वाडा कुलूप लावून ठेवला तो पडला. तुम्ही जुन्या नाशकातच राहता, तर तुमच्या गल्लीत अजून उभे असलेले वाडे निदान फोटोत आणि मोजमापात धरून ठेवा. दिंडी दरवाजा, चौक, माजघर, खांबांची नक्षी, भिंतीतले कोनाडे, आणि तिथे राहणाऱ्या आजींच्या तोंडून कळेल ते सगळं. नोटीस लागायची वाट बघू नका. काही जमवलंत तर पाठवा, या सदरात त्याला जागा मी मिळवून देते.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संग्रहालय झालेल्या जुन्या घरांत बसून स्केच करायला परवानगी लागते का? फोटो काढून घरी येऊन काढलं तर नाही का चालणार?
— एक विद्यार्थी, देवळाली कॅम्प

उत्तर : साध्या वहीत पेन्सिलने चित्र काढायला सहसा कुणी अडवत नाही, पण जाताच तिथल्या कर्मचाऱ्याला विचारायचं. स्टँड लावायचा असेल, टेप धरून मोजमाप घ्यायचं असेल तर कॉलेजचं पत्र हवं, ते आधीच पाठवून ठेवा. शाई आणि रंग आत नेऊ नका. जुनी फरशी एकदा डागाळली की डागाळली.

फोटोवरून काढू नका. फोटोत खिडकी सपाट होते. तिची चौकट भिंतीत किती आत बसली आहे, झडप उघडल्यावर किती जागा घेते, दुपारी ऊन कुठपर्यंत येतं, हे तिथे बसल्याशिवाय कागदावर येत नाही. जुन्या घरात भिंतीची जाडी हीच खरी गोष्ट असते. तिच्यामुळे आत गारवा राहतो, आणि तिच्यामुळेच खिडकीत बसायला कट्टा मिळतो. पहिल्या खेपेला एकच खिडकी घ्या, समोरून एक आणि बाजूने कापून दाखवलेलं एक, अशी दोन चित्रं. सरकारवाडा नाशकातच आहे, तिथूनच सुरुवात करा. सकाळी लवकर जा, सराफ बाजारात गर्दी व्हायच्या आत, म्हणजे गाडी लावायलाही जागा मिळेल.